रागाचं स्पेलिंग

मराठी माणूस प्रेमात पडला की हिंदी गाणं म्हणतो, हिशेब मराठीत करतो आणि चिडला की इंग्रजी बोलतो. यातल्या तिसऱ्या नियमाची खात्री करायची असेल तर चऱ्होलीतल्या कुठल्याही सोसायटीच्या वार्षिक सभेला जाऊन बसावं. 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' हा विषय शुद्ध मराठीत उरकतो. लिफ्टच्या देखभालीचा खर्च जांभया देत देत मराठीतच मंजूर होतो. टँकरचं पाणी निघालं की थोडी हिंदी मिसळते. मग सेक्रेटरी घसा खाकरून म्हणतात, "विषय क्रमांक सात, पार्किंग." बी विंगचे काका उठतात, चष्मा काढून खिशात ठेवतात आणि छताकडे बघत म्हणतात, "धिस इज टू मच!"

"माइंड युवर लँग्वेज," ए विंगचे काका बसल्या जागेवरून.

"यू माइंड!"

"आय विल नॉट टॉलरेट धिस नॉन्सेन्स!"

यातले एक काका मूळचे जुन्नरकडचे, दुसरे आंबेगावचे. दोघांच्या सात पिढ्यांत कुणी 'टॉलरेट' केलेलं नाही. जे काय केलं ते सहन केलं, नाहीतर बांधावर निकाली काढलं. पण पार्किंगच्या पांढऱ्या रेघेवर चाक आलं की यांना साहेबाची भाषा आठवते.

याचं कारण मला बरेच दिवस इंग्रजीचा रुबाब वाटायचं. तो आहेच. मराठीत शिवी दिली की ती समोरच्याच्या आईपर्यंत जाते, इंग्रजीत 'इडियट'वर थांबते आणि देणारा शिकलेला ठरतो. पण खरं कारण व्याकरणात आहे. मराठीत भांडायचं तर पहिल्याच वाक्याला फार मोठा निर्णय घ्यावा लागतो: तू म्हणायचं की तुम्ही? 'तुम्ही' म्हटलं तर भांडणाला जोर येत नाही. "अहो, तुम्ही मूर्ख आहात का?" हे वाक्य रागापेक्षा चौकशीसारखं वाटतं. 'तू' म्हटलं की मूळ मुद्दा बाजूला पडतो आणि "तू कुणाला म्हणतो रे? अरे-तुरे करायचं काम नाही!" हा नवाच खटला उभा राहतो. इंग्रजी 'यू' या बाबतीत फार सोयीचा. त्यात तू आहे, तुम्ही आहे, आपण आहे. ज्याला जो लागेल तो त्यानं घ्यावा.

तर आपला राग इंग्रजीतून प्रकट होणारच असेल, तर निदान इंग्रजीतले रागाचे शब्द कुठून आले, त्यांच्या घरचं काय, पूर्ववृत्त काय, एवढी चौकशी करायला हवी. भाडेकरू ठेवतानाही आपण पोलीस पडताळणी करतो. हे शब्द तर तोंडात राहतात.

या चौकशीला चऱ्होलीइतकं सोयीचं ठिकाण नाही. चऱ्होली बुद्रुक 1997 साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली आणि तेव्हापासून एकाच वेळी गाव आणि शहर अशा दोन्ही पाळ्या करते. एका बाजूला वाघेश्वराची टेकडी, इंद्रायणी, ज्वारीचे आणि उसाचे उरलेसुरले तुकडे. दुसऱ्या बाजूला टॉवर, ज्यांच्या बाराव्या मजल्यावरून आळंदीचा सोहळा दिसतो असं जाहिरातीत लिहितात. मधून जाणारा रस्ता माउलींच्या पालखीचा. त्याच रस्त्याने चाकणच्या पाळीच्या बसगाड्या, काँक्रीटचे मिक्सर, मुरमाचे डंपर, लग्नाची वऱ्हाडं, दुधाचे कॅन लावलेल्या मोटारसायकली आणि 'जय हरी' लिहिलेल्या रिक्षा जातात. जातात म्हणजे, जायच्या बेतात असतात.

साहजिकच चौकशीची सुरुवात 'रोड रेज'पासून. हा जोडशब्द 1980च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत रूढ झाला आणि यथावकाश आपल्याकडे बातम्यांतून आला. उच्चाराबाबत अजून एकमत नाही. आमच्या भागात काहीजण 'रोड रेस' म्हणतात, आणि बुलेटवरची पोरं पाहिली तर तेही चूक नाही. काहीजण 'रोड रेंज' म्हणतात. त्यांचा बहुधा मोबाइलच्या रेंजशी गोंधळ होतो, कारण गाडी चालवताना ते फोनवरच असतात.

आता 'रेज'चं मूळ पाहा. तो फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि फ्रेंचमध्ये लॅटिनमधून. मूळ लॅटिन शब्द 'रेबीज'. होय, तोच. पोटात घेण्याच्या इंजेक्शनांच्या गोष्टी सांगून ज्याने आपलं बालपण भेदरवलं तो. फ्रेंचमध्ये त्या रोगाचं नाव अजूनही हेच आहे, उच्चार तेवढा वेगळा. लुई पाश्चरने 1885 मध्ये ज्या लशीने एका मुलाचा जीव वाचवला, ती फ्रेंच भाषेच्या हिशेबाने 'रेज'वरची लस होती. त्याला आता सव्वाशेहून अधिक वर्षं झाली. रोड रेजवरची अजून यायची आहे.

हे वाचून मी इंग्रजांच्या निरीक्षणशक्तीचं कौतुक करणार होतो. तेवढ्यात ध्यानात आलं की आपल्याकडे कुत्रं 'पिसाळतं' आणि साहेबही 'पिसाळतात', आणि त्यासाठी कुणाला लॅटिन शिकावं लागलेलं नाही.

पुढचा शब्द सगळ्यांच्या ओळखीचा, 'अँगर'. हा इंग्रजांचा स्वतःचाही नव्हे. इंग्लंडवर चाल करून आलेल्या उत्तरेकडच्या दर्यावर्दी नॉर्स लोकांचा 'अंगर' तिथे राहून गेला. त्याचा अर्थ राग नव्हता. दुःख, त्रास, जाच असा होता. त्याच्याही खाली गेलं तर मूळ कल्पना आवळलं जाण्याची, अरुंद होण्याची. जर्मनांचा धास्तीवाचक 'आंग्स्ट', छातीत कळ आणणारा 'अंजायना' आणि आपल्या वेदांतला संकट-पाप या अर्थाचा 'अंहस्' ही सगळी एकाच घराण्यातली भावंडं. गंमत म्हणजे 'गुस्सा'चीही कथा तीच. अरबीत 'गुस्सा' म्हणजे घशात अडकलेला घास, दाटलेला आवंढा. फारसीत तो दुःख झाला आणि हिंदुस्थानात उतरल्यावर त्याने लोकांच्या माना धरायला सुरुवात केली.

म्हणजे अरबाला विचारा नाहीतर नॉर्वेवाल्याला, राग हा मुळात अरुंदपणा आहे. हे पटत नसेल तर आमच्याकडे या. रुंद रस्ता भूसंपादन अडलेल्या ठिकाणी जिथे एकाएकी चिंचोळा होतो, तिथे 'अँगर'ची व्युत्पत्ती उघड्या डोळ्यांनी पाहता येते. मराठीने तर ती एका धातूत बसवली आहे. रस्त्यावर होते ती कोंडी आणि मनात होतो तो कोंडमारा.

त्या कोंडीतलाच एक प्रसंग. संध्याकाळची वेळ, पालखी मार्गावरचा फाटा. एका छोट्या टेम्पोचा आरसा एका मोटारसायकलच्या हँडलला लागला. लागला म्हणजे काय, आरसा आत मिटला. काच फुटली नाही, हँडल वाकलं नाही. मोटारसायकलवाल्याने गाडी आडवी लावली, हेल्मेट काढलं, टाकीवर ठेवलं. टेम्पोवाल्याने आधी आरसा सरळ केला, त्यात स्वतःला पाहून घेतलं आणि मग दार उघडलं.

"ओ, दिसतं का नाही?"

"तूच आला मधी."

"तू? तू कुणाला म्हणतो?"

"मग काय पाटील म्हणू?"

"पाटीलच हाये मी!"

इथे खरं तर भांडण तापायचं. पण टेम्पोवाला जरा थबकला. "कुठले पाटील?"

"वाड्याचे."

"खेड-वाडा?"

"मग आन् कुठलं?"

"आमची आत्या दिलीये वाड्याला."

मागे डंपर, मिक्सर, कंपनीच्या दोन बसगाड्या आणि एक वरात हॉर्न वाजवत उभी. इकडे आत्याच्या घराचा पत्ता निश्चित होत होता. पारापाशी की शाळेमागे? शाळेमागे म्हणजे दगडी जोत्याचं का? हेल्मेट परत डोक्यावर गेलं तेव्हा दोघांत 'दादा' सुरू झालं होतं. "आरसा घट्ट करून घ्या दादा, ढिला झालाय," हा मोटारसायकलवाल्याचा शेवटचा सल्ला.

सोसायटीतल्या दोन काकांचं भांडण गेली कित्येक वर्षं मिटत नाही, ते यामुळेच. दोघांची गावं शेजारच्या तालुक्यांतली, कदाचित सोयरिकही निघेल. पण 'आय विल नॉट टॉलरेट'नंतर 'गाव कुठलं म्हणालात?' हे वाक्य बसतच नाही. इंग्रजीतून रागाच्या घरात शिरता येतं, मागचं दार सापडत नाही.

आता 'रॉथ'. हा देवांचा आणि जुन्या ग्रंथांतला राग. अमेरिकन त्याला 'रॅथ' म्हणतात, इंग्रज 'रॉथ'. स्पेलिंग मात्र डब्ल्यू-आर-ए-टी-एच. पहिला डब्ल्यू उच्चारायचा नाही. तो घरातल्या रुसलेल्या माणसासारखा ठाण मांडून बसलेला असतो, ताटावर येतो, शब्द बोलत नाही, आणि त्याला वगळलंत तर सगळं चुकतं. एके काळी हा डब्ल्यू उच्चारला जायचा. पुढे त्याने अबोला धरला तो कायमचा. या शब्दाचं नातं पिळवटण्याशी आहे. वेदनेने अंग पिळतं त्यासाठीचा इंग्रजी 'राइद' याच घरचा, आणि त्याचाही डब्ल्यू असाच मुका. अर्थात पिळाबद्दल इंग्रजांनी आपल्याला शिकवू नये. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे आपण केव्हाच सांगून बसलो आहोत. जमिनीचे पैसे आले, जमीन गेली, तिथे टॉवर झाला, तरी बांधावरून पंचवीस वर्षांपूर्वी झालेलं भांडण त्याच टॉवरच्या समोरासमोरच्या फ्लॅटमध्ये चालू राहिलेलं आमच्या भागात नवं नाही. बांध गेला, पीळ दहाव्या मजल्यावर राहायला आला.

जुन्या इंग्रजीतला आणखी एक रागीट शब्द 'कॉलर'. शर्टाच्या कॉलरसारखाच उच्चार, स्पेलिंग निराळं. मूळ ग्रीक 'खोले', म्हणजे पित्त. ग्रीक वैद्यांच्या मते अंगात पिवळं पित्त वाढलं की माणूस तापट होतो, काळं पित्त वाढलं की उदास. 'मेलँकली' म्हणजे शब्दशः काळं पित्त. कॉलरा आणि कोलेस्टेरॉल ही मंडळी त्याच पित्ताची लेकरं. म्हणजे शीघ्रकोपी माणसाला डॉक्टर कोलेस्टेरॉल तपासून घ्यायला सांगतात, तेव्हा ते नकळत त्याचं गोत्र विचारत असतात. आपल्या आयुर्वेदानेही पित्तालाच जबाबदार धरलं आणि आपण अजून 'पित्त खवळलं' म्हणतो. फरक एवढाच की इंग्रजांनी हा शब्द अडगळीत टाकला आणि आपण त्यावर सकाळी उपाशीपोटी गोळी घेतो.

शेक्सपिअरला या दोन कॉलरींचा मोह आवरला नाही. 'रोमिओ अँड ज्युलिएट'चा पहिला प्रवेशच दोन नोकरांच्या गप्पांनी सुरू होतो आणि त्यात तो रागाची कॉलर आणि गळ्याची कॉलर यांवर कोटी करतो. ती ऐकून लंडनचे प्रेक्षक किती हसले असतील कुणास ठाऊक. चऱ्होलीत ती कोटी रोज कृतीत उतरते. आधी एकाला कॉलर चढते, मग तो दुसऱ्याची धरतो.

'अम्ब्रेज' हा त्यामानाने शिष्ट शब्द. मनाला लावून घेणं, अपमान मानणं असा त्याचा अर्थ. मूळ लॅटिन 'उंब्रा', म्हणजे सावली. छत्रीला इंग्रजीत जे नाव आहे तेही याच सावलीतून आलं. तेव्हा इंग्रज 'अम्ब्रेज घेतो' याचा शब्दशः अर्थ तो सावली घेतो. एप्रिल महिन्यात हे वाक्य आमच्याकडे तंतोतंत खरं होतं. सोसायटीच्या आवारात गुलमोहराची सावली एकच आणि मोटारी साठ. ज्याला सावली मिळते तो खूश, बाकीचे एकोणसाठ अम्ब्रेजमध्ये.

पण रुसव्याचं खरं विद्यापीठ म्हणजे मंगल कार्यालय. मोशी-आळंदीच्या पट्ट्यात ती जागोजाग आहेत, त्यामुळे संशोधनाला साहित्य भरपूर. इथे मला 'डजन' हा इंग्रजी शब्द अचूक समजला. हा डझनाचा भाऊ नव्हे, केळ्यांशी संबंध नाही. 'इन हाय डजन' म्हणजे फणकाऱ्याने, तावातावाने. इंग्रज नेहमी 'हाय' डजनमध्येच उठून जातो, 'लो' डजनमध्ये कुणी गेल्याचं ऐकिवात नाही. सोळाव्या शतकापासून हा शब्द वापरात आहे. सुरीच्या मुठीच्या लाकडालाही पूर्वी हेच नाव होतं. पण रागाचा हा 'डजन' नेमका कुठून आला, ते भल्याभल्या कोशकारांना सापडलेलं नाही. कोशात स्वच्छ लिहिलेलं असतं: मूळ अज्ञात.

हे वाचलं आणि मला लग्नातले जावई आठवले. त्यांचं स्वतःचं लग्न नव्हे, बायकोच्या धाकट्या बहिणीचं. थोरले जावई सकाळी साडेदहापर्यंत ठीक होते. फेटा बांधून घेतला, फोटो काढला. साडेअकराला ते कार्यालयाबाहेर गाडीत जाऊन बसलेले आढळले. काच वर, एसी चालू, तोंड पलीकडे. सासऱ्यांनी मेहुण्याला पाठवलं, मेहुण्याने चुलत्याला, चुलत्याने फोटोग्राफरला. "दाजी, चला ना, पंगत बसतीये." दाजी म्हणाले, "माझं काही नाही, चालू द्या तुमचं." मराठी भाषेतलं हे सगळ्यात धोकादायक वाक्य आहे. फेट्याचा रंग? मानाचं उपरणं? पत्रिकेत नाव कुणाच्या खाली छापलं? शेवटपर्यंत कारण कळलं नाही. दाजींना तरी आठवत होतं की नाही, शंका आहे. कोशकारांनी आमच्या दाजींची भेट घेतली असती तर 'मूळ अज्ञात' लिहिताना त्यांना इतकं ओशाळं वाटलं नसतं.

दाजी अखेर गाडीतून उतरले ते दीड वाजता, जेव्हा वाऱ्याबरोबर मसालेभाताचा वास आला. इथे येतो तो चौकशीतला सर्वांत नवा शब्द, 'हँग्री'. हंग्री आणि अँग्री यांचा संकर. इंग्रजीत 'जी-आर-वाय'ने संपणारे नेहमीच्या वापरातले शब्द दोनच, भुकेला आणि रागावलेला. तिसरा कोणता, या कोड्याने 1970च्या दशकापासून अमेरिकेत असंख्य लोकांची डोकी खाल्ली. शेवटी कोडं शब्दांनीच सोडवलं. दोघांचं लग्न लागलं आणि अपत्य 2018 मध्ये ऑक्सफर्ड इंग्रजी कोशात दाखल झालं.

कौतुक आहे. पण मराठी आईने शाळेतून आलेल्या पोराकडे एक नजर टाकून 'भुकेनं कावलंय ते, आधी वाढा' असं म्हणायला ऑक्सफर्डची वाट पाहिलेली नाही. कावणे, कातावणे, करवादणे: पोट रिकामं आणि डोकं भरलेलं असण्याच्या तीन वेगवेगळ्या पायऱ्या आपल्याकडे तयार आहेत. आणि मराठी राग मोठ्या प्रमाणावर स्वयंपाकघरातच शिजतो. अंगाचा तिळपापड होतो, लाही लाही होते, रक्त उकळतं, माणूस तडकतो. इंग्रजांना भूक आणि राग यांचं नातं जोडायला शब्द चिकटवावे लागले. आपण रागाचा शब्दच डब्यातून काढतो.

यातला अस्सल नमुना इथून जवळच, देहूला. तुकोबांच्या पत्नी जिजाई, लोकांच्या तोंडी आवली. घरात खायची वानवा, नवरा भंडाऱ्याच्या डोंगरावर भजनात, आणि ही बाई भाकरी घेऊन रोज डोंगर चढायची. वाटेत विठ्ठलाच्या नावाने बोटं मोडायची असं लोककथा सांगतात. तिच्या पायात काटा मोडला आणि तो काढायला विठ्ठल स्वतः आला, अशीही कथा आहे. हिच्या रागाला ऑक्सफर्डकडे शब्द नाही. स्वतः उपाशी, राग देवावर, आणि तरी दुसऱ्याच्या पोटात भाकरी पोचल्याशिवाय खाली न उतरणारा.

आता इतकी उलटतपासणी केल्यावर आपल्या घरच्या 'राग' या शब्दालाही पिंजऱ्यात उभं करायला हवं. त्याचं पूर्ववृत्त तर फारच गोड निघतं. संस्कृतात तो 'रंज्' धातूचा, म्हणजे रंगणे. राग म्हणजे रंग, लाली, आणि पुढे ओढ, प्रेम. रंग, रंजन, अनुराग, गाण्यातला यमन-भैरवीचा राग, सगळे याच घरातले. सगळी भावंडं प्रेमळ, रसिक, रंगेल निघाली. एकटा मराठीतला राग डोळे लाल करून बसला. याच घरातलं आणखी एक नाव म्हणजे विराग आणि त्याच्यापासून वैराग्य. त्यामुळे आमच्या भागात मोठी सोय झाली आहे. आळंदीला वैराग्य आणि आळंदी रस्त्यावर राग, दोन्ही एकाच धातूतून आणि एकाच बसच्या तिकिटात.

पण मराठी रागाची खरी करामत त्याच्या व्याकरणात आहे. इंग्रज म्हणतो, आय अॅम अँग्री. मी आहे रागीट, मीच तो. मराठीत मी काही करत नाही. मला राग 'येतो'. वाक्याचा कर्ता राग. मी फक्त 'मला' होऊन एका कडेला उभा. पाहुणे आले, पाऊस आला, राग आला. मी काय करणार? पोलीस चौकीत हे व्याकरण फारसं चालत नाही, पण घरात उत्तम चालतं. कारण जो येतो तो जातोही. 'राग गेला का?' असं आपण सहज विचारतो, एसटी गेली का विचारावं तसं. इंग्रजाला आपण स्वतःच रागीट 'असल्या'मुळे स्वतःतून बाहेर पडावं लागतं. अवघड काम आहे.

राग कसा जातो, याचा सगळ्यात प्रसिद्ध दाखला चऱ्होलीपासून चार-पाच किलोमीटरवर घडला. साल सांगता येत नाही, पण तेरावं शतक. आळंदीत ज्ञानदेवांना कुणीतरी टाकून बोललं. संन्याशाची मुलं म्हणून त्या भावंडांनी असे बोल आयुष्यभर ऐकले होते, पण त्या दिवशी काय झालं कोण जाणे. ते घरात शिरले आणि आतून ताटी लावून घेतली. ताटी म्हणजे झोपडीचं कुडाचं दार. एका लाथेत पडलं असतं. पण दाराबाहेर उभी राहिली धाकटी बहीण मुक्ताई, आणि तिने दार ढकललं नाही. ती बोलत राहिली. संत कुणाला म्हणावं, जग पेटलं तर आपण काय व्हावं, आपल्याच अंगाने आपल्याला इजा केली तर सूड कुणावर उगवायचा. समजूत घालता घालता त्याचे अभंग झाले, 'ताटीचे अभंग' म्हणून ते आजही गायले जातात. मोठ्या भावाला, तेही ज्ञानेश्वरांना, लहान बहिणीने चार शब्द सुनवावेत आणि भावाने ऐकून दार उघडावं, ही त्या घराची रीत. ज्ञानेश्वरीतली अक्रोधावरची शिकवण म्हणजे तिचाच लेखी पुरावा.

मला यातलं एक फार मोलाचं वाटतं. ताटी आतून लावली होती, पण बाहेरचं बोलणं आत ऐकू येत होतं. आता आमच्याकडे दारं सागवानी, त्याला सेफ्टी डोअर, त्याला डोळा. आणि त्याहून भक्कम ताटी मोबाइलमध्ये. पार्किंगच्या सभेनंतर रात्री पावणेबाराला सोसायटीच्या ग्रुपच्या अॅडमिनना करडी ओळ दिसते की बी विंगचे काका ग्रुप सोडून गेले. ही ओळ तेवढी मराठीत येते. सकाळी अॅडमिन त्यांना परत घेतात, संध्याकाळी ते पुन्हा जातात. मुक्ताईची भूमिका करायला कुणी तयार नाही. एकदा काकांच्या नातीनेच ती केली. "आबा, ग्रुपवर कोजागरीच्या मसाला दुधाची वर्गणी मागतायत, तुम्ही नाहीत तर आपल्याला दूध मिळणार नाही." काका त्या रात्री परतले. आवली असती तर म्हणाली असती, आधी वाढायला हवं होतं.

तरीही ज्यांना इंग्रजीतच रागवायचं आहे त्यांची गैरसोय होऊ नये, म्हणून एक उपाय सुचवतो. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी 1825 साली एका पत्रात उपदेश केला होता की राग आला तर बोलण्याआधी दहापर्यंत मोजा, फार आला तर शंभरपर्यंत. उपदेश चांगला आहे, पण जेफरसन घोड्यावरून हिंडत. आमच्याकडे तीन म्हणेपर्यंत मागून हॉर्न वाजतो आणि मोजणी पुन्हा एकपासून. त्यापेक्षा स्पेलिंगचा नियम करावा. ज्याला 'रॉथ' आला आहे त्याने आधी ते स्पेलिंग मोठ्याने म्हणून दाखवावं. 'अम्ब्रेज' आला असेल तर त्याचं. 'डजन' असेल तर मधल्या मुक्या डीसकट. सभेच्या पोटनियमांत ही दुरुस्ती मंजूर झाली तर माझा अंदाज आहे की बी विंगचे काका आर-ओ-पासून सुरुवात करतील, ए विंगचे काका "डब्ल्यू राहिला!" म्हणून ओरडतील, बी विंगचे काका "कुठला डब्ल्यू? डब्ल्यू कशाला लागतो?" असं चक्क मराठीत विचारतील, आणि मग दोघंही मिळून ज्याने तो डब्ल्यू तिथे घातला त्या इंग्रजाचा उद्धार सुरू करतील. त्याला मात्र अरे-तुरे करायला कुणाचीच हरकत नसेल.